परदेशी शिक्षकाची इंग्रजी : केंब्रिजची १९१३ ची प्रावीण्य-परीक्षा आणि तिची पूर्वतयारी

इ. स. १९१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या लोकल एक्झामिनेशन्स सिंडिकेटने ‘इंग्रजीतील प्रावीण्याचे प्रमाणपत्र’ देणारी एक नवी परीक्षा सुरू केली. ज्या परदेशी विद्यार्थ्यांना आपल्या देशातील शाळांतून इंग्रजी शिकवावयाचे आहे व त्यासाठी त्या भाषेच्या व्यावहारिक ज्ञानाचा पुरावा हवा आहे, अशांसाठी ती योजिली होती. परीक्षा एकंदर बारा तासांची होती, शुल्क तीन पौंड होते, आणि केंद्रे केंब्रिज व लंडन ही दोनच. पहिल्या वर्षी तिला तीन परीक्षार्थी बसले. तिघेही अनुत्तीर्ण झाले.

परीक्षांच्या इतिहासात ही हकीगत पुष्कळदा गमतीची म्हणून सांगितली जाते. बारा तास घाम गाळून तिघांपैकी एकही पार पडू नये, यात गंमत वाटण्यासारखे काही आहे खरे. पण त्या तिघांनी या परीक्षेची तयारी कशी केली असेल, कोणती पुस्तके त्यांना उपलब्ध होती, आणि परीक्षकांची त्यांच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा होती, हे प्रश्न विचारू लागले म्हणजे गंमत मागे पडते. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाही, अशा माणसाला इंग्रजी शिकविण्याचा अधिकार कशाने प्राप्त होतो, या प्रश्नाला एका प्रतिष्ठित विद्यापीठाने दिलेले उत्तर त्या बारा तासांत साठविलेले आहे. पुढे विसाच वर्षांत त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग केंब्रिजने स्वतःच पुसून टाकला. तो का पुसला गेला आणि पुढे कोठे पुन्हा उमटला, हे पाहिल्यावाचून या परीक्षेचे खरे महत्त्व कळणार नाही.

परीक्षेची पार्श्वभूमी केंब्रिजमध्ये शोधून चालणार नाही. ती युरोप खंडावर शोधली पाहिजे. १८८२ मध्ये विल्हेल्म फीएटर या जर्मन अध्यापकाने टोपणनावाने एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि भाषाशिक्षणाने आता उलटे वळण घेतले पाहिजे, असे तीत बजावले. व्याकरणाचे नियम घोकून आणि सुट्या वाक्यांची भाषांतरे करून जिवंत भाषा येत नाही. भाषा आधी कानाची व तोंडाची, मग डोळ्यांची, हा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, पॅरिस येथे पॉल पासी यांच्या पुढाकाराने काही शिक्षकांनी एक संघ स्थापिला. शाळेतील मुलांना परकी भाषेचे उच्चार शिकविताना ध्वनिलिपीचा उपयोग करावा, एवढाच त्यांचा आरंभीचा हेतू होता. १८९७ मध्ये हाच संघ आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र-संघ या नावाने ओळखला जाऊ लागला. आज जगातील प्रत्येक भाषाशास्त्रीय ग्रंथात वापरली जाणारी ध्वनिलिपी शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांच्या गरजेतून जन्मली, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहसा राहत नाही.

इंग्लंडात या चळवळीचा आधारस्तंभ म्हणजे हेन्री स्वीट. त्यांचा ‘द प्रॅक्टिकल स्टडी ऑफ लँग्वेजेस’ हा ग्रंथ १८९९ मध्ये निघाला. ध्वनिशास्त्र, व्याकरण, शब्दसंग्रह, भाषांतर, संभाषण, वाङ्मय असा सगळा पट त्यांनी त्यात उलगडला. १९१३ च्या परीक्षेची रचना या ग्रंथाच्या विषयक्रमाशी इतकी जुळते की, ज्यांनी ती आखली त्यांच्यासमोर हा ग्रंथ असावा, असे परीक्षांच्या इतिहासकारांनी म्हटले आहे आणि ते पटण्याजोगे आहे. स्वीट स्वतः १९१२ मध्ये निवर्तले; परीक्षा पाहण्यास ते उरले नाहीत. त्यांचे एक मत मात्र येथे नोंदविणे अवश्य आहे. जर्मन मुलांना इंग्रजी शिकवावयाची असेल, तर ध्वनिशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या इंग्रजापेक्षा ते शिक्षण घेतलेला जर्मन शिक्षक कितीतरी पटींनी श्रेष्ठ, असे ते म्हणत. कारण इंग्रजाला आपली भाषा बोलता येते, पण ती आपण कशी बोलतो हे सांगता येत नाही. जन्माने मिळालेला अधिकार आणि अभ्यासाने मिळविलेला अधिकार यांतील हा भेद इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कोणी मांडला असेल.

परीक्षेची मांडणी अशी होती. लेखी भागात इंग्रजीतून फ्रेंच वा जर्मन भाषेत भाषांतराला दोन तास. फ्रेंच वा जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर आणि इंग्रजी व्याकरणावरील प्रश्न यांना अडीच तास. इंग्रजी निबंधाला दोन तास. इंग्रजी भाषा व वाङ्मय यांना तीन तास. आणि इंग्रजी ध्वनिशास्त्राला दीड तास. तोंडी भागात श्रुतलेखनाला अर्धा तास, आणि मोठ्याने वाचन व संभाषण यांना मिळून अर्धा तास. कोणतीही परीक्षा संभाषणावाचून पुरी होऊ नये, हा विचार त्या काळी रूढ झालेला नव्हता. या परीक्षेने तो आरंभापासून पाळला, हे तिच्या खात्यावर जमा केले पाहिजे. त्याचबरोबर भाषांतराच्या भाषा दोनच होत्या, हेही विसरता कामा नये. ज्याला फ्रेंच वा जर्मन येत नाही, त्या स्पॅनिश, रशियन वा जपानी शिक्षकाला या परीक्षेचे दार बंदच होते. मराठी वा बंगाली भाषकाचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. परीक्षा ‘परदेशी’ विद्यार्थ्यांसाठी होती, आणि साम्राज्यातील प्रजेच्या इंग्रजीची पारख करण्याचे काम येथील विद्यापीठांच्या मॅट्रिक व पदवी परीक्षा करीतच होत्या.

ध्वनिशास्त्राच्या दीड तासाच्या प्रश्नपत्रिकेवर थोडे थांबले पाहिजे, कारण परीक्षेचे सारे वैशिष्ट्य तीत आहे. दिलेले उतारे ध्वनिलिपीत उतरवावयाचे होते. तेही दोन रीतींनी, सावकाश व स्पष्ट पठणात उच्चार कसा होईल ते दाखवून, आणि घाईच्या बोलण्यात तो कसा होईल ते दाखवून. श्रुतिध्वनी, अर्धस्वर यांसारख्या संज्ञांचे स्पष्टीकरण उदाहरणांसह मागितले होते, आणि ही उदाहरणे ध्वनिलिपी व रूढ लिपी अशा दोन्ही लिपींत द्यावयाची होती. एका प्रश्नात फेअर, फेट, फॅट, फॉल आणि फार या पाच शब्दांतील स्वरांचा शुद्ध उच्चार विद्यार्थ्याला कसा शिकवाल, असे विचारले होते.

हा शेवटचा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. पाचही शब्दांत स्वराच्या जागी रोमन लिपीतील एकच ‘ए’ हे अक्षर मुख्य आहे. उच्चार मात्र पाच. ‘फेट’मधील स्वर संयुक्त आहे, जीभ पुढच्या बाजूस अर्धसंवृत स्थानी असते आणि तेथून वर सरकते. ‘फॅट’मध्ये ती पुढेच, पण बरीच खाली. ‘फॉल’मध्ये मागे, ओठ गोलाकार, स्वर दीर्घ. ‘फार’मध्ये मागे व अगदी खाली, ओठ उघडे, आणि दक्षिण इंग्लंडच्या शिष्ट उच्चारात शेवटचा ‘र’ नाहीच. ‘फेअर’मध्ये पुन्हा संयुक्त स्वर, पण तो पुढून निघून तोंडाच्या मध्यभागी विसावतो. हे सर्व परीक्षार्थ्याला माहीत असले, तरी प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. कारण विद्यार्थ्याला हा उच्चार ‘कसा शिकवाल’ असा प्रश्न आहे. फ्रेंच मुलाला ‘फेट’मधील संयुक्त स्वर शिकविणे आणि जर्मन मुलाला ‘फॅट’मधील स्वर शिकविणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि ज्याला आपल्या वर्गातील मुलांची मातृभाषा आतून ठाऊक आहे तोच त्यांवर उपाय सांगू शकतो. या एका प्रश्नात परदेशी शिक्षकाची उणीव समजली जाणारी गोष्ट त्याचे बळ ठरते. ज्याने हा प्रश्न काढला, त्याला स्वीट यांचे मत मान्य असले पाहिजे.

हाच प्रश्न मराठी शिक्षकाला घातला असता तर काय झाले असते, याचा विचार करणे अप्रस्तुत नाही. बॅट, बॉल यांसारख्या इंग्रजी शब्दांसाठी मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे स्वीकारली. त्यामुळे ‘फॅट’ आणि ‘फॉल’ निदान लिहिता तरी येतात. पण झोपावयाची ‘कॉट’ आणि पकडणे या अर्थाच्या इंग्रजी धातूचे भूतकाळी रूप ‘कॉट’ ही दोन्ही मराठीत एकाच रीतीने लिहिली जातात आणि बहुतेकांच्या तोंडी एकाच रीतीने उच्चारली जातात. इंग्रजीत त्यांत ऱ्हस्वदीर्घाचा आणि जिभेच्या स्थानाचाही भेद आहे. ‘फेट’मधील स्वर मराठी माणूस शुद्ध ‘ए’ म्हणून काढतो, ‘फार’चा ‘आ’ इंग्रजीहून किंचित पुढे काढतो, आणि शब्दान्तीचा ‘र’ लिहिलेला आहे म्हणून उच्चारतो. शिवाय आरंभीचा ‘फ’ आहेच. मराठीतील ‘फ’ परंपरेने ओष्ठ्य महाप्राण स्पर्श. इंग्रजीतील ध्वनी दंतोष्ठ्य घर्षक. ज्या विद्वानांच्या परंपरेत प्रातिशाख्यांनी व शिक्षाग्रंथांनी स्थान आणि प्रयत्न यांची चर्चा दोन सहस्र वर्षांपूर्वीच केली होती, त्यांना ध्वनींचे असे पृथक्करण परके वाटण्याचे कारण नव्हते. परंतु ते शास्त्र आपल्याकडे वेदपाठशाळेत राहिले आणि इंग्रजीचा वर्ग दुसऱ्या इमारतीत भरला.

१९१३ च्या परीक्षार्थ्याला या प्रश्नपत्रिकेसाठी वाचावयास पुस्तके नव्हती असे नाही. स्वीट यांची ‘अ प्रायमर ऑफ स्पोकन इंग्लिश’ (१८९०) व ‘द साउंड्स ऑफ इंग्लिश’ (१९०८) ही पुस्तके होती. डॅनियल जोन्स यांचे ‘द प्रोनन्सिएशन ऑफ इंग्लिश’ १९०९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्याच मुद्रणालयाने काढले होते. जोन्स यांनी पॅरिसला पासी यांच्यापाशी ध्वनिशास्त्राचे धडे घेतले होते आणि १९०७ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवीत होते. परीक्षा झाली त्याच वर्षी हेर्मान मिखाएलिस आणि जोन्स यांचा इंग्रजीचा ध्वनिकोश हॅनोव्हर येथे प्रसिद्ध झाला. त्याची रचना मोठी विलक्षण आहे. शब्द ध्वनिलिपीतील रूपानुसार लावले असून रूढ स्पेलिंग मागाहून येते; म्हणजे ज्याने शब्द ऐकला आहे पण पाहिलेला नाही, अशा माणसासाठी तो कोश आहे. परदेशी शिक्षकाला घरबसल्या उपयोगी पडणारा उच्चारकोश, ज्यात स्पेलिंगवरून उच्चार शोधता येतो, जोन्स यांनी १९१७ मध्ये दिला. पहिल्या तिघांना तो मिळण्याचा संभव नव्हता. जोन्स यांचा ‘आउटलाइन’ १९१८ चा. थोडक्यात, सामग्री जमत होती, पण पूर्ण जमली नव्हती. आणि मुख्य म्हणजे पुस्तकावरून ध्वनी शिकता येत नाहीत. त्यासाठी कानाशी बसून शिकविणारा गुरू लागतो, आणि असा गुरू लंडन, पॅरिस किंवा एखाद्या जर्मन विद्यापीठाबाहेर मिळणे दुर्घट होते.

व्याकरणाच्या प्रश्नांत वेगळाच काळ दिसतो. काही वाक्ये देऊन ती दुरुस्त करा किंवा त्यांचे समर्थन करा, आणि कारणे द्या, असे म्हटले होते. त्यांत क्रियापदाच्या मूळ रूपामध्ये क्रियाविशेषण घुसविलेले वाक्य होते, आणि ज्याचा कर्ता हरवला आहे अशा धातुसाधिताचे वाक्यही होते. फाउलर बंधूंचे ‘द किंग्ज इंग्लिश’ १९०६ मध्ये निघाले होते. शिष्ट इंग्लंडात त्या वेळी ज्या चुकांची चर्चा चाले, त्याच परदेशी शिक्षकासमोर ठेवल्या होत्या. ‘दुरुस्त करा किंवा समर्थन करा’ हा पर्याय मात्र परीक्षकाच्या न्यायबुद्धीचे द्योतक आहे. नियम मोडला की चूक, एवढ्यावर त्याचे समाधान नव्हते. आणखी एका प्रश्नात इन्जीनियस व इन्जेन्युअस, व्होरॅसिटी व व्हेरॅसिटी अशा फसव्या जोड्यांतील शब्द वाक्यात योजून त्यांचा अर्थ आपल्याला नीट कळला आहे हे दाखवावयाचे होते. येथे ध्वनिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील शास्त्रीय दृष्टी सुटते आणि जुन्या शाळेतील मास्तर पुढे येतो. दोन प्रश्नपत्रिकांचे दोन कर्ते असावेत असे वाटते.

निबंधाच्या सहा विषयांची यादी आज मराठी वाचकाला चमकविल्याशिवाय राहणार नाही. एकोणिसाव्या शतकातील राजकीय चळवळींचा इंग्लंडच्या वाङ्मयावर झालेला परिणाम, इंग्रज चित्रकारांचा प्री-रॅफेलाइट संप्रदाय, एलिझाबेथकालीन प्रवास व शोध, स्थानिक स्वराज्याचा विकास, मॅथ्यू आर्नल्ड. आणि या पाचांच्या बरोबरीने, हिंदुस्थानातील शिपायांचे बंड. १९१३ साली एका फ्रेंच वा जर्मन शिक्षकाने दोन तासांत, इंग्रज परीक्षकासाठी, इंग्रजीत, १८५७ वर निबंध लिहावयाचा होता. त्याच्या हाताशी के आणि मॅलेसन यांच्या इतिहासाचे खंड असणे शक्य होते. वि. दा. सावरकर यांच्या १८५७ वरील मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये, प्रकाशनापूर्वीच जप्तीचा हुकूम निघालेला असताना, बाहेर पडले होते. ते त्याच्या हाती पडले असते तरी परीक्षेत त्याचा उपयोग करण्याचे धाडस त्याने केले नसते. ‘बंड’ हा शब्द विषयातच दिलेला होता, म्हणजे निम्मा निर्णय परीक्षकाने आधीच देऊन ठेवला होता. भाषेची परीक्षा म्हणून निबंध घेतला जातो तेव्हा लेखनाबरोबर मतेही तपासली जातात, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. आणि तयारीच्या दृष्टीने पाहता असे दिसते की, या सहांपैकी एकाही विषयाचा इंग्रजी शिकविण्याशी काही संबंध नाही. इंग्लंडच्या सुशिक्षित गृहस्थाच्या दिवाणखान्यात जे बोलले जाई, ते परदेशी शिक्षकाला बोलता यावे, ही अपेक्षा.

वाङ्मयाची तीन तासांची प्रश्नपत्रिका तर या परीक्षेसाठी काढलेलीच नव्हती. ती हायर लोकल परीक्षेतून उसनी घेतली होती. हायर लोकलचा इतिहास पाहण्याजोगा आहे. अ‍ॅन क्लफ आणि जोसेफाइन बटलर यांच्या चळवळीतून, विशेषतः शिक्षिकेचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या स्त्रियांना काही प्रमाण मिळावे म्हणून, केंब्रिजने १८६९ मध्ये अठरा वर्षांवरील स्त्रियांसाठी एक परीक्षा सुरू केली. तिचीच पुढे हायर लोकल झाली. तिच्या तयारीसाठी जी व्याख्याने योजिली गेली, त्यांतून न्यूनम कॉलेज उभे राहिले. विद्यापीठाच्या पदवीपासून दूर ठेवलेल्या इंग्रज स्त्रियांसाठी निघालेली प्रश्नपत्रिका, इंग्रज नसल्यामुळे दूर असलेल्या परदेशी शिक्षकांसमोर ठेवली गेली. दोघांनाही विद्यापीठ आत घेत नव्हते. दाराशी उभे करून तपासत होते. फरक एवढाच की, इंग्रज स्त्रियांनी व्याख्याने मागितली व मिळविली. परदेशी शिक्षकांसाठी केंब्रिजने परीक्षा काढली, तयारीचा वर्ग काढला नाही.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. शिक्षकांसाठी म्हणून निघालेल्या या बारा तासांच्या परीक्षेत परीक्षार्थ्याला एकदाही वर्गासमोर उभे केले जात नव्हते. केंब्रिजला अध्यापनाची परीक्षा घेता येत नव्हती असे नाही. विद्यापीठाचे टीचर्स ट्रेनिंग सिंडिकेट १८७९ मध्येच स्थापन झाले होते आणि शिक्षणाचे तत्त्व, इतिहास व प्रत्यक्ष अध्यापन हे त्याच्या परीक्षेचे विषय होते. पण दोन सिंडिकेटांच्या मधली भिंत उंच असावी. फेअर-फेट-फॅटचा तो एक प्रश्न सोडला, तर शिकविणे हा विषय १९१३ च्या परीक्षेत कोठे आढळत नाही.

भिन्न मार्ग चोखाळणारे लोक त्या काळात नव्हते काय? मुंबईस १९०६ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेथील प्राचार्य जे. नेल्सन फ्रेझर हे इंग्रजी शिकविण्याच्या प्रत्यक्ष पद्धतीचे हिंदुस्थानातील पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात. महाराष्ट्राला मात्र ते के. बी. मराठे यांच्या साहाय्याने तुकारामांच्या गाथेचे इंग्रजी भाषांतर करणारे म्हणून अधिक परिचित आहेत. या भाषांतराचा पहिला भाग १९०९ चा. एका हाताने मराठी अभंग इंग्रजीत नेणारा आणि दुसऱ्या हाताने मराठी मुलांना मराठीच्या मध्यस्थीवाचून इंग्रजी शिकवा असे सांगणारा हा माणूस, या दोन कामांत स्वतःला विसंगत वाटत होता की नाही कोण जाणे.

केंब्रिजच्या परीक्षेला १९१४ मध्ये अठरा परीक्षार्थी बसले आणि चार उत्तीर्ण झाले. लगेच महायुद्ध आले. ते संपल्यावरही परीक्षेने बाळसे धरले नाही. १९२९ च्या सुमारासही परीक्षार्थ्यांची संख्या पंधराच्या आसपासच होती, आणि ती बंद करावी असा विचार सिंडिकेटमध्ये सुरू झाला. तिला वाचविण्याचे श्रेय जॅक रोच यांना दिले जाते. ते १९२५ पासून १९४५ पर्यंत सिंडिकेटचे उपसचिव होते. १९३० पासून वाङ्मयाची प्रश्नपत्रिका परदेशी परीक्षार्थ्यांसाठी वेगळी काढली जाऊ लागली. १९३२ मध्ये त्याहून मोठा बदल झाला. परीक्षा केवळ भावी शिक्षकांची न राहता इंग्रजी शिकलेल्या कोणाही परदेशी माणसाची झाली. निबंधाचे विषय सर्वसामान्य झाले. आणि ध्वनिशास्त्राची प्रश्नपत्रिका वगळण्यात आली. पुढे भाषांतराच्या भाषाही वाढत गेल्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच परीक्षार्थ्यांची संख्या शेकड्यांत गेली.

संख्येचा हा विजय निर्विवाद आहे. परंतु ध्वनिशास्त्र वगळल्यामुळे संख्या वाढली, असे जे सहज गृहीत धरले जाते, ते तपासून घ्यावयास हवे. परीक्षा रोडावली होती ती अनेक कारणांनी. दोन भाषांचे बंधन, केंद्रांची टंचाई, परक्या मापाने शिवलेली वाङ्मयाची प्रश्नपत्रिका, युद्ध, आणि तयारी करून घेणाऱ्या वर्गांचा अभाव. ध्वनिशास्त्राची प्रश्नपत्रिका यांत एक असेलही. पण शिक्षकाच्या दृष्टीने तीच एक अशी होती, की जी इंग्लंडच्या सामान्य सुशिक्षित माणसालाही सोडविता आली नसती. बाकी साऱ्या प्रश्नपत्रिकांत परदेशी माणूस इंग्रजापेक्षा मागे राहणारच होता. येथे तो पुढे जाऊ शकत होता. ती गेल्यावर परीक्षा इंग्रजी किती येते याची झाली, आणि इंग्रजी किती येते याचे अंतिम माप इंग्रज माणूस हेच ठरले. परदेशी शिक्षकाची अशी स्वतंत्र भूमी उरली नाही.

रोच यांच्याविषयी अन्याय होऊ नये म्हणून सांगावयास हवे की, बोलण्याची परीक्षा ही त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली. तोंडी परीक्षेत एकच परीक्षार्थी दोन परीक्षकांना निरनिराळा का वाटतो, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्यावर त्यांनी प्रयोग करून १९४५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. परीक्षकांनी एकत्र बसून गुण द्यावेत, आपली मापे परस्परांशी ताडून पाहावीत, हा आग्रह त्यात आहे. ज्या काळात अमेरिकेत पर्यायी उत्तरांवर खूण करण्याच्या कसोट्यांचा बोलबाला होता, त्या काळात समोरासमोर बसून बोलण्याची परीक्षा सोडावयाची नाही, हा केंब्रिजचा हट्ट टिकला तो बहुतांशी त्यांच्यामुळे.

यानंतरचा प्रावीण्य-परीक्षेचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९३९ मध्ये तिच्या खालच्या पायरीची लोअर सर्टिफिकेट परीक्षा आली. १९५३ पासून ‘यूज ऑफ इंग्लिश’ ही भाषाप्रयोगाची प्रश्नपत्रिका तिच्यात शिरली. १९७५ च्या पुनर्रचनेत लेखन, वाचन, भाषाप्रयोग, श्रवण व संभाषण अशी पंचविभागी मांडणी झाली आणि भाषांतर व वाङ्मय कडेला सरकले. २०१३ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, तिची जी सुधारलेली आवृत्ती निघाली ती चार तासांहून किंचित कमी वेळेची होती.

शिक्षकांच्या परीक्षेची जागा मात्र बराच काळ रिकामी राहिली. ती भरण्यास सुरुवात झाली ती विद्यापीठाबाहेर. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग काढला. त्यात पहिल्या दिवसांपासून प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर पाठ द्यावा लागे. १९६७ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या अनुभवी शिक्षकांसाठी परीक्षा सुरू केली. तिचीच पुढे पदविका झाली. १९८८ मध्ये या परीक्षा केंब्रिजच्या सिंडिकेटकडे आल्या. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडबाहेरील, बहुतांशी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या, शिक्षकांसाठी काही काळ वेगळी प्रमाणपत्रे व वेगळी पदविका चालत असे. स्वीट यांच्या प्रश्नाला जणू दोन खोल्यांत दोन उत्तरे दिली जात होती. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस या दोन पदविका एकत्र करून ‘डेल्टा’ ही एकच पदविका झाली, आणि २००८ मध्ये तिची तीन स्वतंत्र भागांत मांडणी करण्यात आली.

भारतात या रिकाम्या जागेचा विचार थोडा आधी झाला होता. १९५८ मध्ये हैदराबाद येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाले. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात व कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात काम केलेले वि. कृ. गोकाक हे तिचे संचालक होते. तेथे येणारे शिक्षक इंग्रजी आधीच शिकवीत असत. त्यांना नव्याने शिकावे लागे ते प्रामुख्याने ध्वनिशास्त्र. अनेक वर्षे वर्गावर इंग्रजी कविता शिकविलेल्या प्राध्यापकाला आरशात पाहून आपल्या जिभेची व ओठांची ठेवण तपासावयास लावणे, हा प्रसंग १९१३ च्या परीक्षकाला ओळखीचा वाटला असता.

डेल्टाच्या २००८ च्या मांडणीत पहिला भाग लेखी परीक्षेचा होता. दीड-दीड तासांच्या दोन प्रश्नपत्रिका. पहिलीत भाषाविषयक संज्ञा देऊन त्यांची व्याख्या व उदाहरण मागितले जाई, आणि पुढे विद्यार्थ्याच्या लेखनातील वा बोलण्यातील नमुने देऊन त्यांचे पृथक्करण करावयास सांगितले जाई. शब्दांच्या उच्चारावर प्रश्न आला की उत्तर ध्वनिलिपीत द्यावे लागे. दुसरा भाग प्रत्यक्ष पाठांचा, तिसरा प्रबंधलेखनाचा. या परीक्षेची तयारी करणारा आजचा शिक्षक संज्ञांची यादी पाठ करतो, ध्वनिलिपीचा तक्ता भिंतीला लावतो, आणि प्रत्येक संज्ञेपुढे एक उदाहरण लिहून ठेवतो. ‘श्रुतिध्वनी, अर्धस्वर : व्याख्या द्या, दोन लिपींत उदाहरणे द्या’, हा १९३२ मध्ये केंब्रिजने फेकून दिलेला प्रश्न दुसऱ्या परीक्षेच्या दाराने केंब्रिजच्याच प्रश्नपत्रिकेत परत आलेला आहे, त्याला लागणारा दीड तासही तोच आहे.